माझं डावं, गाडीचं उजवं

माझं काम गाड्या मोडण्याचं आहे, बांधण्याचं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं एका बांधलेल्या गाडीबद्दल लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायचं की या बाईनं काही मोठं केलं. मी एक चूक केली, ती झाकली आणि उशिरा कबूल केली. बाकी सगळं गुरुजींनी केलं.

माझं यार्ड कानडी मुलखातल्या चिटगुप्प्याच्या बाहेर, हमरस्त्याला जाणाऱ्या वाटेवर आहे. चहूबाजूंनी पत्रे उभे केलेत. आत मधोमध एक गाडी जाईल एवढी गल्ली, ती कडुनिंबाजवळ जरा वळते, आणि दोन्ही बाजूंना मेलेल्या गाड्या. पाटी नाही. पाटी वाचून आमच्याकडं कोणी येत नाही. ज्याची गाडी बंद पडते त्याला मिस्त्री सांगतो, अक्काकडं जा. माझे मालक होते तोवर त्यांच्या नावानं यार्ड ओळखायचे. ते जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा पुण्याला आहे. दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "अव्वा, बंद कधी करायलीस?" मी म्हणते, "बघू." मग तो सुनेला फोन देतो. सून विचारते जेवलात का, मी जेवले म्हणते. झालं बोलणं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भंगार म्हणजे लोखंड तोलून विकायचं. ते सगळ्यात शेवटी. गाडी आली की आधी कागद बघायचे. कागद नसले तर दारातूनच परत. मग बॅटरी काढायची, तेल-पेट्रोल काढून घ्यायचं, नाहीतर कटरच्या एका ठिणगीनं गाडीबरोबर आपणही जातो. मग काचा, दिवे, दारं, सीटा. मग इंजिन साखळीनं वर उचलायचं. शेवटी चाकांची हाडं, म्हणजे चाक जिथं टेकतं आणि जिथून वळतं तो सांगाडा. प्रत्येक तुकडा पुसायचा, त्याला तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधायचा आणि बिल्ल्यावर रंगानं लिहायचं, कुठल्या गाडीचा आणि कुठल्या बाजूचा. बाजू फार महत्त्वाची. गाडी याबाबतीत माणसासारखी असते. डावा हात उजव्या खांद्याला बसत नाही.

बिल्ले लिहायचं काम पहिल्यापासून माझं. मालक कामाच्या वेळी कानडीत ओरडायचे, येड, बल. कानडीत डाव्याला येड म्हणतात आणि उजव्याला बल. मला अक्षरं मराठीच येत होती, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले तेवढीच. म्हणून शब्द कानडी आणि अक्षरं मराठी असे बिल्ले झाले.

त्यात एक गोम होती. सगळ्या जगात गाडीची डावी-उजवी बाजू ठरवतात ती ड्रायव्हरच्या जागेवर बसून. मी ठरवायची ती गाडीच्या नाकापुढं उभी राहून, कारण मी काम तिथूनच करायची. माझ्या डाव्या हाताला जे येईल ते येड. म्हणजे माझं डावं ते गाडीचं उजवं. समोरच इस्माईल मिस्त्रीचं गॅरेज आहे. पहिल्याच वर्षी तो हातात बिल्ला घेऊन आला.

"अक्का, उलटा लिखे तुम."

मी म्हणाले, "यार्ड माझं, मग डावं पण माझं."

मालक हसले. म्हणाले, राहू दे, आता एवढे बिल्ले कोण बदलणार. इस्माईलनं इतर मिस्त्र्यांना सांगितलं, त्यांनी आणखी इतरांना. अक्काचं उलटं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. पंचवीस वर्षं त्यावर निभलं. ड्रायव्हरच्या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. सीट काढायची तर बाहेरून वाकून नट सोडता येतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. अफजलपूरकडून एकजण आला होता, उसाचे ट्रक चालवणारा. त्याला हॉर्न पाहिजे होता, पण त्याच्या बापाच्या ट्रकचा होता तसाच आवाज येणारा. माझ्या बॅटरीला लावून सकाळपासून एकेक हॉर्न वाजवत बसला. शेजारचे भांडायला आले. दुपारी एक हॉर्न वाजला, तो त्यानं पुन्हा एकदा वाजवला. तोच घेऊन गेला. एक बाई आली होती, तिच्या नवऱ्याची अपघातातली गाडी माझ्याकडं होती. तिला काही नको होतं. मागच्या सीटवर अर्धा तास बसली, चहा दिला तो घेतला, उतरून पदर झटकला आणि गेली. त्या दिवशी मी ती गाडी मोडायला घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घेतली.

सीटांखाली जे सापडतं ते मी एका डब्यात ठेवते. चष्मे, बांगड्या, केसाच्या पिना, देवाचा अंगारा, लहान लेकराचा एकच बूट. इतक्या वर्षांत ते मागायला कोणी आलं नाही. डबा भरला की दुसरा करते.

गुरुजी पहिल्यांदा आले ते उन्हाळ्यात, छत्री घेऊन. मादन हिप्परग्याचे, चित्रकलेचे मास्तर, निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. आत आले आणि एका दारापुढं वाकले. बिल्ल्याला नाक लागेल इतक्या जवळून वाचलं.

"हे येडं कोण?"

"कोण म्हणजे?"

"इथं लिहिलंय की, येड. त्या दिव्याला पण तेच. इथं सगळेच येडे हायत का?"

"कानडी येत न्हाई का तुम्हाला? डाव्या बाजूचं म्हणून लिहिलंय."

"येतं की. पण मराठी अक्षरात बघितलं, मला वाटलं माझ्यासाठीच लिहून ठेवलंय."

"तुमची अजून ओळख कुठं झाली? झाली की लिहीन."

त्यांनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली. एका बॉनेटवर पसरून चार कोपऱ्यांना चार नट ठेवले. मी नट बाजूला करून कागद उचलून बघितला. गाडीचं चित्र होतं. नाक लांब, उंची माझ्या कमरेएवढी, वर छप्पर नाही, दोन सीटा. असली गाडी मी टीव्हीवर बघितली होती. आमच्या रस्त्यावर असली गाडी आली तर पहिल्याच खड्ड्यात पोट टेकेल.

"पोरांना मोटार काढा म्हणलं की ती डबा काढायची, खाली दोन गोळे," गुरुजी म्हणाले. "मी फळ्यावर ही काढून दाखवायचो. तीस वर्षं काढली आणि पुसली. आता खरी करायची."

"कुठल्या कंपनीची?"

"कंपनी न्हाई. मीच करणार. इंजिन पाहिजे, गिअर पाहिजे, चाकं पाहिजेत. वरचा पत्रा माझा मी ठोकीन."

"तुम्हाला सोलापूर जवळ. तीन बस बदलून इकडं कामून आलात?"

"तिथले हसले."

"मग मी काय करायले?"

"तुम्ही पण हसायलात. पण कागद अजून सोडला न्हाईत हातातला."

खरं होतं. मी कागद खाली ठेवला. म्हणाले, "घरी केलेल्या गाडीला नंबर मिळत न्हाई. रस्त्यावर काढलीत तर ओढून नेतील."

"ठाऊक आहे. माझं शेत आहे, शेताला वाट आहे. एक फेरी मारायची. बास."

"एका फेरीसाठी एवढं?"

तेव्हा त्यांनी डोळ्याचं सांगितलं. काचबिंदू. दिसणं कडेकडेनं बंद होत आत येतं. आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणाले, आणि नळी बारीक व्हायलीय. गेलेलं दिसणं परत येत नाही, औषधानं नुसतं सावकाश जातं. डॉक्टरांनी वर्षं सांगितली नव्हती.

"ती बुजायच्या आत एकदा चालवायची आहे," ते म्हणाले. "माझी मी."

मी त्यांना येडं म्हणाले नाही. मनात म्हणाले असेन.

पुढं चार वर्षं ते महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येत राहिले. गावाहून आळंदमार्गे कलबुर्गी, तिथून हुमनाबाद, तिथून इकडं. दुपारच्या बसला पोचायचे. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त टाकायची, कारण तीन बस बदलून आलेला माणूस उपाशी असतो. कागदाला एक भोक पाडून तो खिळ्याला लावून ठेवला होता, त्यावर मिळालेल्या भागावर ते खडूनं खूण करायचे.

इंजिन मिळालं एका छोट्या गाडीचं. मागून ट्रकनं दाबली होती, पुढचं सगळं धड होतं. पेट्रोलची टाकी तीनचाकीची. पुढचे दिवे जुन्या ट्रॅक्टरचे, बेडकाच्या डोळ्यासारखे. सीटा एका पुढाऱ्याच्या गाडीतल्या, मऊ. गिअरबॉक्स चांगला होता, पण त्याचा मागं जायचा गिअर पडत नव्हता. मी तसं सांगितलं. माझ्याकडं दोष लपवून देणं नाही.

"चालंल," गुरुजी म्हणाले. "मागं कुठं जायचंय मला?"

जड सामान टेम्पोतून जायचं, हलकं त्यांच्या पिशवीतून. गावातला एक वेल्डर सांगाडा जोडायला मदत करायचा. अंगाचा पत्रा त्यांनी घरातल्या ज्वारीच्या जुन्या कोठ्यांचा काढला. रंग दिला तो फळ्याचा काळा, कारण शाळेतला उरलेला डबा घरात होता. हे सगळं मी ऐकलेलं. गाडी मी बघितली नव्हती. मला कोणी बोलावलं नव्हतं असं नाही, ते दर वेळी म्हणायचे, एकदा या. यार्ड सोडून कुठं जाणार? असं मी म्हणायची. यार्डात एका कुत्र्याशिवाय कोणी वाट बघणारं नव्हतं, तरी म्हणायची.

चौथ्या वर्षी ते एकदा दारातल्या खांबाला धडकले. खांब तिथं पंचवीस वर्षं आहे. कपाळाला हळद लावताना मी विचारलं, "नळी किती राहिली?"

"नाण्याएवढी," म्हणाले. "आता पुढच्या चाकांचं तेवढं द्या. लवकर द्या."

पुढच्या चाकाला वळवणारा एक लोखंडी भाग असतो, मिस्त्री त्याला स्टब म्हणतात. त्याला एक आखूड हात असतो. स्टिअरिंग फिरवलं की आडवा दांडा त्या हाताला ढकलतो आणि चाक वळतं. डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. माझ्याकडं जोडी होती, पुसून, बिल्ले बांधून ठेवलेली. येड आणि बल. मी पिशवीत घालून दिली. इस्माईल त्या दिवशी लग्नाला गेला होता. तो असता तर बोलला असता. मी बोलले नाही. लपवलं नाही, ध्यानातच आलं नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याशीच पंचवीस वर्षं व्यवहार केला की सांगायचं असतं हेच माणूस विसरतो. आणि पहिल्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं, येड म्हणजे डाव्या बाजूचं.

कारखान्यातल्या गाडीत ही चूक होऊच शकत नाही. चुकीच्या बाजूचा स्टब बसतच नाही, दांडा पोचत नाही, मिस्त्री शिव्या देत परत येतो. पण घरच्या गाडीत सगळं बसतं, कारण बसवणाराच त्याला जागा करून देतो. बाजू बदलल्यामुळं स्टबचा हात मागं जायच्या ऐवजी पुढं आला. गुरुजींनी काय केलं, स्टिअरिंगचा दांडाही पुढं घेतला. अगदी नेमका बसवला. एवढं केलं की गाडी डावीकडं फिरवल्यावर उजवीकडं जाते.

संक्रांत झाली होती, तुरी निघाल्या होत्या, रान मोकळं होतं. दुपारी फोन आला.

"अक्का, चालवली."

"चालली?"

"चालली. वाटेनं सरळ छान गेली. वळणाला डावीकडं फिरवली तर उजवीकडं गेली. मी आणखी डावीकडं फिरवली, ती आणखी उजवीकडं. बांधावर चढली. हात मोडलाय, बाकी काही न्हाई." मग म्हणाले, "असं कामून झालं असंल?"

मला त्याच क्षणी कळलं. बिल्ल्यावरची अक्षरं डोळ्यापुढं दिसली. आणि मी म्हणाले, "तुम्हीच उलटं बसवलं असंल."

त्यांनी ते लगेच मानलं. मग म्हणाले, "असंल. दिसत न्हाई ना आता नीट. मला वाटलं होतं बिल्ले बघून बसवले. तेवढं पण दिसत न्हाई म्हणजे झालंच."

त्यांना वाटलं, बिल्ल्यावरची दोन अक्षरंही आपल्याला ओळखू आली नाहीत. मी "तसं न्हाई" म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "हाताची काळजी घ्या," आणि फोन ठेवला. का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या मालाला कोणी चुकीचा म्हणालं नव्हतं कधी.

पुढच्या पहिल्या गुरुवारी दुपारची बस आली आणि गेली. भाकरी उरल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात मी दोन कमी टाकल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक टेम्पो आला. ड्रायव्हरनं चिठ्ठी दिली. गुरुजींच्या पुतण्याची होती. काकांना अफजलपूरला आमच्याकडं आणलंय, शेत लावून दिलंय, गाडी भंगारात घालायला काका तयार आहेत, पण तुमच्याकडंच द्या म्हणतात.

गाडी उतरवली. काळी, बुटकी, नाक चेपलेलं. फळ्याचा रंग असल्यामुळं गावच्या लेकरांनी अंगभर खडूनं चित्रं काढली होती, झाडं, सूर्य, आणि मोटारी. डबा आणि खाली दोन गोळे असलेल्या मोटारी. मी खाली वाकून बघितलं. दोन्ही स्टबना माझे बिल्ले तसेच होते. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला येड, उजव्या बाजूला बल. जिथं लिहिलं होतं तिथंच त्यांनी बसवलं होतं. नाण्याएवढ्या नळीतून बघून एकही अक्षर चुकवलं नव्हतं.

इस्माईल हात पुसत आला. वाकला, उठला, माझ्याकडं बघितलं.

"अक्का, उनको बोले नहीं थे?"

"न्हाई."

"और बाद में?"

मी बिल्ल्यावरची धूळ पुसायला लागले. तो माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार नव्हतंच, तिथं हात दाखवून म्हणाला, "बैठो."

"कायकू?"

"बैठो तो."

बसले. पासष्टीच्या पुढं मी पहिल्यांदा स्टिअरिंग हातात धरलं. इस्माईल गाडीच्या नाकापुढं, माझ्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला आणि आपला डावा हात वर केला. तो माझ्या उजवीकडं होता. एवढीच गोष्ट. लहान लेकरालाही दाखवली तर कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अफजलपूरला फोन लावला. पुतण्यानं घेतला. "काका इथंच हायत, बोला, ऐकायलेत."

"गुरुजी, मी चिटगुप्प्याची."

"ओळखलं. मोडली का?"

"न्हाई मोडली. तुम्ही उलटं बसवलं नव्हतं. मी उलटं दिलं होतं. माझं येड समोरून असतं. सगळ्या मिस्त्र्यांना ठाऊक आहे, तुम्हाला सांगितलं न्हाई."

पुतण्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे बिल्ले मी बरोबर वाचले होते?"

"व्हय."

"दोन्ही?"

"दोन्ही बरोबर."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही फोन केला तेव्हाच."

त्यांनी फोन ठेवून दिला. बरोबर केलं. मी त्यांच्या जागी असते तर शिवी देऊन ठेवला असता.

मी इस्माईलला म्हणाले, गाडी दुरुस्त कर. तो म्हणाला, किसके वास्ते? मी म्हणाले, चूक तशीच ठेवून गाडी मोडायची नाही. त्यानं स्टब बाजू बदलून बसवले, दांडा मागं घेतला, नाक ठोकून सरळ केलं. दोन दिवस लागले. मी बिल्ले पुसून नव्यानं लिहिले, सीटवर बसून, आधी हात वर करून. आठ-दहा दिवसांनी पुतण्याचा फोन आला. काका येतो म्हणायलेत.

गुरुजी एकदा आले, त्यानंतर पुन्हा आले नाहीत, हे इथंच सांगून टाकते. नळी आता बुजली आहे. कधीमधी मी फोन करते, ते चार शब्द बोलतात, मीही चार बोलते. यार्ड या वर्षी बंद करायचं ठरवलंय, मुलाला तसं सांगितलंय, पुण्याला जायचं मात्र ठरवलं नाही. बाकीचे बिल्ले उलटेच आहेत, मिस्त्र्यांना सवय आहे. काळी गाडी कडुनिंबाखाली असते. तिच्या ट्रॅक्टरच्या दिव्यांना गिऱ्हाईक येतं, मी नाही म्हणते. इतक्या वर्षांत मी ज्याला नाही म्हणते तो हा एकच माल. ते आले त्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं.

ते गुरुवारीच आले, पुतण्याबरोबर. एक डोळा पूर्ण गेला होता, दुसऱ्यात मिरीएवढं काहीतरी उरलं होतं. पुतण्याला म्हणाले, आधी गाडीकडं ने. गाडीवरून हात फिरवत नाकापासून शेपटीपर्यंत गेले. खडू बोटाला लागला तो हुंगला. मग सीटवर बसले.

"स्टिअरिंग आता कुणाच्या बाजूनं आहे?"

"तुमच्या," मी म्हणाले.

"बघू."

इस्माईल शेजारच्या सीटवर बसला, हाताच्या ब्रेकवर हात ठेवून. इंजिन लागलं. गल्ली पन्नास-साठ पावलांची, पुढं पत्र्याची भिंत. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून कुणीतरी पुढं चालत सांगायला पाहिजे होतं. पुतण्या घाबरून फाटकाशीच थांबला. मी गेले.

"अक्का, मरने का शौक है क्या?" इस्माईल ओरडला.

"तू ब्रेक धर."

मी गाडीकडं तोंड करून उलटी चालत निघाले. गाडी माणसाच्या चालीनं येत होती. कडुनिंबाचं वळण आलं तशी मी हात करून ओरडले, "बल! गुरुजी, बल!" त्यांनी उजवीकडं फिरवलं. गाडी बरोबर उजवीकडं गेली, सरळ एका मेलेल्या टेम्पोच्या अंगावर. इस्माईलनं ब्रेक ओढला.

"अक्का! फिर उलटा!"

गुरुजी हसायला लागले. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. टेम्पोला टेकलेली गाडी त्यांच्या हसण्यानं हलत होती. इस्माईलनं ढकलून ती वाटेवर आणली. मी पदर खोचला आणि गाडीकडं पाठ केली. आता माझं तोंड भिंतीकडं आणि त्यांचंही भिंतीकडं. माझं डावं ते त्यांचं डावं. मागं बघायचं नाही असं ठरवून चालायला लागले. पाठीमागं इंजिनाची गरम हवा पायाला लागत होती.

"येड," मी म्हणाले. मागचा आवाज डावीकडं वळला. "आणखी येड. बास. सरळ."

भिंतीशी मी हात वर केला. इंजिन बंद झालं. वळून बघितलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, समोर बघत बसले होते.

"संपली का गल्ली?"

"संपली. पुढं भिंत आहे."

"डावीकडं फिरवली, डावीकडं गेली," ते पुतण्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. पुतण्या लांब होता.

ते उतरले नाहीत. गाडीला मागचा गिअर नव्हता, म्हणून ढकलत परत न्यायची होती. इस्माईल एका बाजूनं लागला, मी पुढून, नाकाला दोन्ही हात लावून. आता पुन्हा आमची तोंडं समोरासमोर. ढकलत ढकलत वळणाशी आलो.

"गुरुजी, येड," मी म्हणाले.

त्यांनी हात उचलले आणि थांबले.

"तुमचं की माझं?"

"तुमचं," मी म्हणाले.